भाकर मोडायची कशी

ही गोष्ट माझी बायको होती तोवर मी कोणाला सांगितली नाही. चुलीपाशी झालेलं ओट्यावर कशाला नेता, असं ती म्हणाली असती. आता ती नाही, माय तर कधीचीच गेली, आणि मला गप्प बसवणारं घरात कोणी उरलं नाही. म्हणून सांगतो. ऐकायचं तर ऐका, नाहीतर उठा. मला दोन्ही सारखंच आहे.

मी सुतार. अमरावतीला परकोटाच्या बाहेर कापसाचा बाजार भरायचा, तिथं एका शेठचा गासड्या बांधायचा दाब होता. आता वाफेवरचे दाब आले, तेव्हा सगळं लाकडाचं होतं. एक मोठी पेटी, तिच्यात कापूस भरून पायांनी तुडवायचा, वर जाड फळी ठेवायची आणि त्या फळीवर बाभळीचं मळसूत्र. आठ-दहा गडी आडव्या दांड्यांना छाती लावून गोल फिरत, मळसूत्र खाली उतरे आणि गाडीभर कापूस कमरेइतका होऊन बसे. मग दोर आवळायचे. सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली होती म्हणे, त्यामुळे आमच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. दाबाला उसंत नव्हती आणि दाब अडला की सगळा बाजार माझ्या नावानं बोंबलत यायचा.

मी काही शिकलेला नाही. पण अडलेल्या कामाशी भांडायच्या माझ्या दोन-चार खोडी होत्या. सगळ्यात आवडती म्हणजे काढून टाकायची खोड. कामात जेवढ्या वस्तू गुंतल्यात त्यातली एक मनातल्या मनात उचलून फेकून द्यायची आणि पाहायचं, काम होतं का? पुष्कळदा होतं. मग ती वस्तू इतके दिवस तिथं बसून काय करत होती, हा प्रश्न उरतो, पण तो दुसऱ्यांचा. अडलं की दुसऱ्याच्या धंद्यात डोकवायचं, हीही एक खोड होती. सुताराला जे सुटत नाही ते कुंभारानं कधीच सोडवलेलं असतं, आपणच त्याच्या दारी जात नाही. आणि एक खोड मी फारशी बोलून दाखवत नसे, कारण लोक हसत. जे त्रास देतं त्यालाच कामाला जुंपायचं.

"मिस्त्री, तुमचं डोस्कं उलटं बसवलं हाय देवानं," दाबावरचे गडी म्हणत.

"तुमचं तं बसवाचंच राहून गेलं," मी म्हणे.

तेव्हा मी असा बोलायचो.

हात गेला तो उन्हाळ्यात. ज्या लाकडातून मळसूत्र फिरतं ते वाळून सैल झालं होतं. आमच्याकडे गाडीचं चाक सैल झालं की नाल्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं आणि लोखंडी धाव घट्ट बसते. इथल्या माणसाला लाकडावरचा दुसरा इलाज ठाऊकच नाही. गड्यांनी मला न विचारता तेच केलं, ओली पोती त्या लाकडाला गुंडाळून ठेवली. चाकाची धाव घट्ट बसायला पाहिजे, पण मळसूत्राला फिरायचं असतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. सकाळी मळसूत्र मधेच अडकून बसलं. त्यांनी आणखी माणसं लावली आणि जोर केला. मी खाली वाकून फळीखालून दोर ओवत होतो. मळसूत्र एकदम सुटलं आणि फळी माझ्या उजव्या मनगटावर आली.

चिरफाड करणारा जर्राह आला. मनगटाच्या वरून हात काढून टाकला, जखमेला उकळतं तेल लावलं. मी ओरडलो असेन, मला आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर मी कोणाला एक शिवी दिली नाही. ते गडी दारात उभे राहून रडत होते आणि मी त्यांना म्हणालो, पाणी प्या, ऊन आहे. सगळे म्हणाले, मोठा धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. हात नव्हता आणि नसलेल्या हाताचा अंगठा खाजत होता, एवढंच काय ते कळत होतं.

शेठ माणूस बरा होता. त्यानं घरी ज्वारी, डाळ, गूळ पाठवून दिलं. घरात खायला होतं, हे नीट ऐकून ठेवा. कारण पुढं माझ्या घरात जी उपासमार झाली ती भरल्या कणगीशेजारी झाली.

डाव्या हातानं आपण काय करतो ते सांगायला नको. पहिल्या दिवशी उठून पाटावर बसलो, डावा हात ताटाकडे नेला, भाकरीचा तुकडा कसाबसा तोडला. घास तोंडापाशी आला आणि पोटातलं होतं नव्हतं ते वर आलं. दुसऱ्या दिवशी तेच झालं. मन काही म्हणत नव्हतं, मन तर झोपलं होतं, पोटच ऐकेना. लहानपणी डावा हात ताटाकडे गेला की माय पळीनं बोटांवर मारायची. ते तिनं इतकं पक्कं बसवलं होतं की आता तीच माय "खाय रे बापू, डाव्यानं खाय, देव काई म्हणत नाई" म्हणून हात जोडत होती, तरी पोट तिचं जुनंच ऐकत होतं.

मग भरवून घ्यायचं. तेही नाही. माझ्या बापाला शेवटच्या आजारात मीच भरवायचो. तो भरवून घ्यायला लागला त्या दिवसापासून घरात त्याला कोणी काही विचारेनासं झालं. मीही विचारत नव्हतो. त्याचं जेवण म्हणजे एक उरकायचं काम होतं. शुद्ध नव्हती तोवर मायनं मला भरवलं असेल. शुद्ध आल्यावर मी तोंड मिटून घेतलं.

एवढं माझ्यापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण बायकोला दिवस गेलेले होते, सहावा महिना लागला होता. आधीचं एक पोटातच गेलं होतं. आणि ती माझ्याआधी जेवत नसे. तसं कोणतीच बाई जेवत नाही, पण अशा दिवसांत बाया चुलीमागं बसून दोन घास खाऊन घेतात आणि कोणी विचारत नाही. ही बाई तसली नव्हती. मी उमासा यायच्या आत डाव्यानं कसेबसे दोन घास गिळून ताट सारलं की ती त्याच ताटावर बसायची आणि दोनच घास खायची.

"बाई, तू खाऊन घे आंधी," माय तिला म्हणायची. "मी कोणाले सांगत नाई."

"सांगाले कोण पाह्यजे, आत्याबाई? मले तं माहीत राह्यल न."

मी म्हणालो, "अवं, पोटातल्यासाठी तरी जेव."

"तुमी जेवा, मी जेवतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका बोलतात तशी, पुरुषासारखी. "भूक तुमाले नाई अन् मले कुठून येईल?"

सुईण येऊन पोट चाचपून गेली. जाताना माझ्याकडे न पाहता मायला म्हणाली, "बाई जेवत नाई तं पोर काय हवेवर वाढन? असंच चाललं तं हेही हाती लागाचं नाई." मी ऐकलं. बाईच्या गालांची हाडं वर आली होती, तेही मला दिसत होतं. छाती फुटायला पाहिजे होती, पण नाही फुटली. मी एवढंच मनात म्हटलं, की हे एक अडलेलं काम आहे, अडलेली कामं मी सोडवतो, तर सोडवू या. बाजारातल्या परक्या माणसाचं काम घ्यावं तसं मी ते घेतलं.

काम काय, तर एका हाताच्या माणसानं भाकर मोडायची कशी आणि तोंडात घालायची कशी. डावा हात आधीच बाद.

आधी दुसऱ्यांच्या धंद्यात डोकावलो. बिनहाताचं कोण जेवतं? बैल जेवतो. गव्हाणीत तोंड घालतो आणि पोटभर खातो. मी ओसरीवर चौरंग मांडला, त्यावर ताट ठेवलं, वरणात भाकर कुस्करून घेतली आणि वाकून तोंड लावलं. जमत होतं. चार घास पोटात गेले. मान वर केली तेव्हा बायको दारात उभी होती. ती पदर तोंडात धरून परत आत गेली. मी मिशीचं वरण पुसलं. चौरंग पुन्हा मांडला नाही, कारण त्या दिवशी ती मुळीच जेवली नाही, आणि काम तर तिला जेवू घालायचं होतं.

मग म्हटलं, हातच करू. थोट्या हाताला चामड्याचा पट्टा, पट्ट्यात लाकडी पळी. माझा धाकटा भाऊही सुतारच, शेजारीच राहायचा; मी सांगायचो आणि तो तासायचा. चांगलं बेतलं होतं. पण पट्टा पाहताच माय ओरडली.

"चांबडं ताटापाशी आणतं का रे? डोस्कं फिरलं काय तुह्यं?"

चामडं बाद. मग सुताची नवार विणून घेतली. बायको बघून म्हणाली, "पाहा वो माय, आख्खा मुलूख कापूस विकून सोनं घेऊन राह्यला, अन् आमचे हे सोनं हाताले गुंडाळून वरण खाऊन राह्यले!" बरेच दिवसांनी ती अशी बोलली. भाऊ हसला. मी हसलो नाही, पण ऐकू आलं, हे खरं. नवार घामानं सैल पडायची आणि पळी तोंडाशी येईतो पालथी व्हायची. वरण सदऱ्यावर, भात मांडीवर. पळीच्या जागी दोन दातांचा लाकडी काटा केला तर तो भाकरीत घुसायचा नाही आणि ओठात घुसायचा. रक्त आलं ते मला बायकोनं सांगितल्यावर कळलं.

मग माझी आवडती खोड. काढून टाका. कोणती वस्तू काढू? भाकरच काढून टाकू. पेज प्यायची, कढी प्यायची. भांडं थोट्या हाताच्या कोपरात धरता येतं, त्यात डाव्याचा काही संबंध नाही. दोन दिवस मी पेजेवर राहिलो आणि मला वाटलं, सुटलं. तिसऱ्या दिवशी पाहतो तर ती पण पेजच पीत बसलेली. टोपल्यात भाकरी तशाच.

"तू काहून पेज पिऊन राह्यली वं?"

"तुमी पेज पेल्यावर मी भाकर मोडू? मस्त दिसन!"

"हट्ट करून राह्यली तू."

"अन् तुमी काय करून राह्यले?"

अशानं दिवस जात होते. मी नवीन काहीतरी बेतायचो, भाऊ तासायचा, ते फसायचं आणि बाईचा चेहरा आणखी लहान व्हायचा. गावात कापसाच्या गाड्यांनी रस्ते अडलेले, लोक भजी-जिलबी खाऊन ताटं अर्धी टाकून उठत होते, आणि माझ्या घरात तीन माणसं एका टोपलीभोवती बसून एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती.

अशात शेठचा माणूस आला. अकोल्याला शेठनं नवा दाब बसवला होता आणि तो चालत नव्हता. शेठनं सांगून पाठवलं होतं, मिस्त्रीचा हात गेला, डोस्कं तर आहे, घेऊन या. मी जायला तयार झालो. उत्साह म्हणून नाही, कोणी छकड्यात बस म्हटलं म्हणून बसलो. मूर्तिजापुराच्या अलीकडे आगगाडीसाठी मातीचे बांध घालणं चाललं होतं. गाडीवाला दिवसभर त्याचीच नवलाई सांगत होता आणि मी हूं हूं करत होतो.

अकोल्याचं दुखणं असं होतं. दाबाच्या पेटीला बाजूनं दारं होती, ती खाचेतून वर ओढून काढायची. गासडी दाबून बांधून झाली की कापूस आतून इतका रेटा द्यायचा की दारं खाचेत रुतून बसत. मग घण घाला, बैल लावून ओढा. खाचेत एरंडेल ओतून ओतून कापूस पिवळा झाला होता. एकेका गासडीला निम्मा दिवस जात होता. तिथला सुतार जास्त रुंद खाचा करायच्या म्हणत होता.

मी थोटा हात उपरण्यात गुंडाळून पेटीभोवती फिरलो. कापसाला बाहेर यायचं होतं आणि दाराला ते नको होतं, एवढंच भांडण होतं. मी म्हणालो, "यालेच दार उघडू द्या न मंग." खाचा काढून टाकल्या, दारं बिजागऱ्यांवर बाहेरच्या अंगाला उघडणारी केली आणि बाहेरून एकच आडवा अडसर घातला. गासडी बांधून झाल्यावर एका गड्यानं अडसरावर घणाचा एक ठोका घातला. अडसर उडाला आणि कापसानं आतून धक्का देऊन दारं सताड उघडली. जो रेटा महिनाभर त्यांच्या छातीवर बसला होता तोच आता दारवान झाला. गडी नाचायला लागले. शेठनं माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं होतं, आता तरी आत काही हलेल. नाही हललं.

शेठनं त्या खुशीत मळ्यात पंगत दिली. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी. आमच्याकडे याहून मोठा मान नाही. मला मधोमध पाटावर बसवलं. रोडगा मुठीनं फोडायचा असतो, मग तूप ओतायचं. माझ्यासमोर ते टणक गोळे मांडले आणि पहिला घास मिस्त्री घेणार म्हणून सगळी पंगत थांबली.

"घ्या मिस्त्री, होऊन जाऊ द्या!"

मी म्हणालो, "माह्या आज उपास हाय."

"अरे, मंग आंधी सांगाचं न!" शेठला फार वाईट वाटलं. माझ्यासाठी दूध आणि केळं आलं. दूध मी कोपरात धरून प्यायलो. केळं तसंच राहिलं, ते सोलायचं कसं? माझ्या दोन्ही बाजूंनी लोक मुठीनं रोडगे फोडत होते. मी इतका वेळ त्या आवाजाकडे लक्ष देऊन बसलो की बाजूचा म्हणाला, "मिस्त्री, कोणता देव हाय उपासाचा?" मी म्हणालो, "हाय एक."

सगळं मार्गी लागून घरी यायला पंधरा-वीस दिवस गेले, ते मी पेजेवर काढले. छकडा बडनेऱ्यावरून अमरावतीत शिरला तेव्हा दुपार होती. बायको दारात आली आणि मी तिच्याकडे बघतच राहिलो. गाल भरले होते. डोळ्याखालचं काळं गेलं होतं. पोट नीट वर आलेलं दिसत होतं. लुगडं सावरत आत गेली ती चालही वेगळी होती, जड आणि बरी.

मी मायला हळूच विचारलं. माय खूश होऊन म्हणाली, "तू गेला तवापासून जेवून राह्यली थे. तुह्या नावाचा घास आंधी गाईले टाकते अन् मंग जेवते. सुईन पन म्हने, आता पोर हलून राह्यलं चांगलं."

बरोबर होतं. गडी गावाला गेला की त्याचा घास गाईला टाकायचा, मग बाईनं जेवायचं, हे सगळीकडे चालतं. गाय डाव्या-उजव्याचा विचार करत नाही आणि ओकतही नाही. मी ओसरीवर बसलो आणि सगळं लख्ख दिसलं. इतके दिवस मी पळी काढ, काटा काढ, भाकर काढ, करत होतो. जी वस्तू काढून टाकल्यावर काम होत होतं ती वस्तू मी होतो. हात कापल्यावर जसं काही वाटलं नव्हतं तसंच हे कळल्यावरही वाटलं नाही. उलट हिशेब जुळल्यासारखं बरं वाटलं.

संध्याकाळी ती ताट घेऊन आली. नेहमीसारखं माझंच ताट आधी. मी म्हणालो, "मी परवा अकोल्याले चाललो परत. तठीच राहीन. दाबावर देखरेख करीन."

"कितीक दिवस?"

"तुह्यं बाळंतपण होईस्तोवर. मंग पाहू. तठीच राह्यलो तरी काय? अठी भाऊ हाय."

ती उभीच होती. "काहून?"

मी खरं तेच सांगितलं, लाकूड कुठं कापायचं ते सांगावं तसं. "मी असलो का तू जेवत नाई. नसलो का जेवतं. मंग मी नसलो तं काम होते."

आधी तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं ताट असं आदळलं की वाटी घरंगळत मायच्या पायापाशी गेली.

"काम होते? मी काय दाब हाव तुमचा, मले चालू करून राह्यले थे? तुमी गेले म्हून मी जेवली. मंग तुमी मेलेच असते त्या दिवशी, तं मी चांगली लठ्ठ झाली असती! सांगा न!" तिचा आवाज शेजारपर्यंत गेला असेल. ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. "रोज गाईपुढं घास ठेवतानी मी काय म्हणत होती, माहीत हाय? इचारा आत्याबाईले. म्हणत होती, हे जनावर जेवून राह्यलं, माह्या मानूस कधी जेवन!"

माय भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी म्हणालो, "मंग तूच सांग, मी काय करू? माह्यं तं डोस्कं चालेना."

"चालवून चालवून थकले न? आता सरका जरा."

मी सरकलो. ती एवढं पोट घेऊन माझ्या डाव्या अंगाला, माझ्याच ताटाला लागून खाली बसली. नवऱ्याच्या ताटाला लागून, सासूसमोर! तिनं उजव्या हातानं भाकर मोडली, वरणात बुडवली आणि घास माझ्या तोंडासमोर धरला.

"मी भरवून नाई घेत," मी म्हणालो.

"कोण भरवून राह्यलं? मी जेवाले बसली हाव. पहिला घास तुमचा, मंग माह्या. मंग पुन्हा तुमचा. मी तुमच्या मागूनच जेवून राह्यली न? एका घासानं मागं. अख्ख्या जेवनानं मागं राहा, असं कोण्या पोथीत लिहिलं हाय?"

सुतारकीत मी जन्म घालवला होता. मोठं लाकूड उचलत नसेल तर त्याचे तुकडे करून न्यावेत, हे मी हाताखालच्या पोरांना शिकवलं होतं. आणि "मागून जेवायचं" याचे तुकडे होतात, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तोंड उघडलं. तिनं घास आत घातला. भाकर गरम होती आणि वरणात मीठ थोडं जास्त पडलं होतं. पोट गप्प राहिलं.

मग तिनं तिचा घास घेतला, तेव्हा माय भिंतीकडूनच बोलली, "अवं, हात तोंडाले लागन तं त्याले तुह्यं उष्टं खावं लागन. थे कसं चालन?"

बायको थांबली. मान मागं टाकली, तोंड उघडलं आणि लोट्यातलं पाणी वरून पितात तसा घास वरून तोंडात टाकला. निम्मा तोंडात गेला, निम्मा गळ्यावरून पदरात सांडला. पुन्हा मला एक घास दिला, पुन्हा स्वतःला वरून टाकला, पुन्हा सांडला. नाकाला वरण लागलं होतं. पोटावर शितं. एवढी भुकेली बाई, आणि निम्मं अन्न खाली पडत होतं.

"अवं, नीट घे न तोंडात," मी म्हणालो. "सांडून राह्यलं सारं."

"उष्टं होईल न तुमाले."

"होऊ दे."

"आत्याबाई?" तिनं मायकडे पाहिलं.

माय म्हणाली, "मले काई दिसत नाई बाई, माह्यं तोंड भिंतीकडं हाय."

मग ती नीट जेवायला लागली. बोटं तोंडाला लावून, चोखून, भुकेल्या माणसानं जेवावं तशी. एक घास मला, एक तिला. तिच्या गळ्याखाली घास उतरताना मी बघत होतो. मी तिला कधी जेवताना पाहिलंच नव्हतं, कोण नवरा पाहतो? टोपलं मोकळं झालं. तिनं बोटानं ताट निपटलं, माझ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं, आणि लाजत लाजत सासूला म्हणाली, "आत्याबाई, अजून एक भाकर टाकता काय?"

माय उठली. परातीत पीठ पडल्याचा आवाज आला, मग भाकर थापल्याचा. आणि मला रडू आलं. जर्राहानं हात कापला तेव्हा आलं नव्हतं, पंगतीतून उपाशी उठलो तेव्हा आलं नव्हतं, ते त्या भाकरीला आलं. मोठ्यानं आलं, पोरासारखं. बायकोचे हात वरणानं भरले होते, म्हणून तिनं माझे डोळे तिच्या कोपरानं पुसले आणि भाकर भाजून येईपर्यंत आम्ही दोघं रिकाम्या ताटापाशी तसेच बसून राहिलो.